हौद बुजवू नका: आमच्या बॅप्टिस्ट मंडळीला खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब, डीकन मंडळ, इमारत समितीचे सभासद आणि मंडळीतल्या सर्व भाऊ-बहिणींनो,

प्रभूमध्ये सलाम.

आपल्या चर्चची जुनी इमारत पाडून नवी बांधायचा ठराव येत्या वार्षिक सभेत येणार आहे. नव्या इमारतीचं रंगीत चित्र व्हरांड्यात लागलं आहे आणि दर रविवारी त्याच्यापुढे गर्दी होते. मीही ते चित्र निरखून पाहिलं. समोर टोकदार कमानी, त्यांच्या काचांवर रंगीत फिल्म, डोक्यावर फायबरचा मनोरा, आत उंच स्टेज आणि मागे एलईडी पडदा, वर सपाट स्लॅब, रस्त्याच्या अंगाला गाळे, आणि फाटकावर ग्रॅनाइटची पाटी: ‘स्थापना १८६५’. बाप्तिस्म्याचा हौद कुठेच दिसला नाही. विचारल्यावर कळलं, की तो भर टाकून बुजवायचा आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी प्लास्टिकचा टब भाड्याने आणायचा.

माझा या ठरावाला विरोध आहे. सभेत बोलायला मिळतील ती दोन-तीन मिनिटं मला पुरायची नाहीत, म्हणून लिहिते आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण आपल्याकडे बिशप नाही. वरून कुणाचा हुकूम येत नाही, आला तरी चालत नाही. मंडळीची सभा हाच आपला शेवटचा अधिकार आणि त्या सभेत पाळकसाहेबांचं मत आणि गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्या पोरीचं मत सारखंच मोजलं जातं. मग हात वर करण्याआधी आपण नेमकं काय पाडतो आहोत, हे त्या पोरीलाही ठाऊक असलं पाहिजे.

मी बांधकाम खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. आपल्या चर्चचा नकाशा मात्र कुणी कधी काढलेलाच नाही. निदान कपाटात तो नाही.

आधी त्या १८६५ बद्दल. हे साल आलं कुठून, ते मला माहीत आहे. गेल्या पावसाळ्याआधी कौलं फेरली तेव्हा काही जुनी कौलं खाली काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यातलं एक उलटून पाहिलं, तर पाठीवर ठसठशीत अक्षरं होती: ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’, आणि खाली १८६५. तरुण संघातल्या मुलांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि चर्च १८६५ चं ठरून गेलं. पण ते साल कौलाचं नाही आणि चर्चचंही नाही. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पूला नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा पहिला कारखाना काढला आणि पुढे त्यांच्या कौलांवर ते साल छापलं जाऊ लागलं. मंगळूरच्या इतर कारखान्यांनीही तीच रीत उचलली. जुन्या वाड्यांची कौलं काढली की १८६८ लिहिलेलीही सापडतात, तेही स्थापनेचंच साल.

१८६५ मध्ये तर नागपूरला रेल्वेच नव्हती. जी.आय.पी.ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, गाडी इथे आली १८६७ मध्ये. ज्या बी.एन.आर.मुळे आपली मंडळी या शहरात जमली, ती बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली १८८७ मध्ये. फाटकावर १८६५ कोरलं, तर आपल्या पणजोबांच्या आधीच त्यांचं चर्च उभं होतं असा अर्थ निघेल. ग्रॅनाइटवर कोरलेलं साल नंतर कुणी खोडत नाही. पुढची पिढी ते खरं धरून चालेल.

कौल मात्र खरंच बरंच काही सांगतं, फक्त वाचता आलं पाहिजे. पहिल्या महायुद्धात बासेल मिशन शत्रुराष्ट्राशी संबंधित ठरलं, इंग्रज सरकारने त्याचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. ठशावरचं नावही मग बदललं. आपल्या छपराच्या उत्तरेच्या उतारावर बासेल मिशनची कौलं जास्त आहेत, दक्षिणेला कॉमनवेल्थ ट्रस्टची. म्हणजे उत्तरेचा माल जुना, आणि दक्षिणेचा उतार नंतर केव्हातरी फेरला. कौलं दुसऱ्या इमारतीवरून काढून आणलेलीही असू शकतात, म्हणून नुसत्या कौलावर विसंबू नये. त्याला जोड हवी वहीची.

आपली बाप्तिस्म्याची वही कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहे, लाल कापडात बांधलेली. तिची सुरुवातीची पानं तेलुगूत आहेत, मधली इंग्रजीत, नंतरची मराठीत. नाव, वय, धंदा, दिवस, ठिकाण असे रकाने आखले आहेत. धंद्याच्या रकान्यात फिटर, खलाशी, गँगमन, पॉइंट्समन, एका ठिकाणी बॉयलरवाला. वयाचा रकाना तर फक्त आपल्याच वहीत असा दिसेल: सतरा, एकोणीस, चौतीस, एकसष्ट. तान्ह्या मुलाचं वय एकदाही नाही, कारण स्वतः विश्वास ठेवून, स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्याशिवाय आपण कुणाला पाण्यात उतरवत नाही. आता ठिकाणाचा रकाना पाहा. सुरुवातीला पानांमागून पानं एकच शब्द येतो, ‘कन्हान’. मग एका पानावर तो थांबतो आणि पुढच्या ओळीपासून ‘हौद’ सुरू होतो. ती पानं पहिल्या महायुद्धाच्या आसपासची आहेत. या इमारतीचा जन्मदाखला पाहिजे असेल तर तो या दोन ओळींच्या मध्ये आहे. पाटीवर साल घालायचंच असेल तर पंचांनी वही उघडून, चार जणांसमोर वाचून घालावं.

कन्हानचं पाणी सोडून मंडळी हौदाकडे का वळली, हे वहीत लिहिलेलं नाही, पण कळायला अवघड नाही. उन्हाळ्यात कन्हान गुडघ्याएवढी होते, पावसाळ्यात तिच्यात उतरता येत नाही, आणि कामठीपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन जायचं म्हणजे दिवस मोडायचा. पाळीवर जाणाऱ्या माणसाला तो परवडत नव्हता.

तरीही नदीची आठवण त्यांनी सोडली नाही. आपल्या जुन्या घरांची मुळं आंध्रातल्या ओंगोल आणि नेल्लोरकडची आहेत. अमेरिकन बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये नेल्लोरला मिशन सुरू केलं. वर्षानुवर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं सोडली तर कुणी आलं नाही, ते बंद करून टाकावं असंही अमेरिकेत पुन्हा पुन्हा बोललं गेलं. मग १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. ओंगोलचे मिशनरी जॉन क्लो यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचा ठेका घेतला आणि भुकेल्या माणसांना कुदळ आणि मजुरी दिली. लोक बाप्तिस्मा मागू लागले, तेव्हा क्लो यांनी तो देणं थांबवून ठेवलं. अन्नासाठी कुणी ख्रिस्ती होऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मदतकार्य संपल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवसात वेलंपल्लीजवळ गुंडलकम्मा नदीत २,२२२ माणसांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातले बहुतेक मादिगा समाजाचे होते, गावाबाहेर ठेवलेले, विहिरीवर पाणी भरू न दिलेले. ज्यांना पाण्याला हात लावू दिला जात नव्हता, ती माणसं नदीत उभी राहिली. आपल्या हौदाचं मूळ मला तिथे दिसतं. आणि तो हौद आपण मातीने भरायला निघालो आहोत.

हौद आपण सगळ्यांनी पाहिला आहे, पण तो बांधला कसा आहे ते सांगते. उपदेशपीठाच्या पुढ्यात, प्रभुभोजनाच्या मेजाखाली, सागाच्या फळ्या आहेत. मेज सरकवलं आणि फळ्या उचलल्या, की खाली विटांचा, आतून चुन्याने घोटलेला हौद. छातीइतकं पाणी मावेल एवढा खोल. दोन्ही बाजूंना पायऱ्या आहेत. डावीकडून उतरायचं, उजवीकडून वर यायचं, आल्या वाटेने परत जायचं नाही. ख्रिस्तासोबत पुरलं जाणं आणि नव्या जीवनात उठणं असा बाप्तिस्म्याचा अर्थ पौलाने रोमकरांस पत्रात सांगितला आहे. तो इथे गवंड्याने पायऱ्यांत बांधून ठेवला आहे. फळ्या ज्या आडव्या तुळयांवर बसतात त्या तुळया म्हणजे रेल्वेचे जुने रूळ आहेत. मी कंदील घेऊन खाली उतरले आणि हात फिरवून पाहिला. रुळाचा माथा चाकांनी झिजलेला आहे, एका बाजूने जास्त. वळणावरचा रूळ असणार. गाड्या धावून धावून झिजलेलं ते लोखंड आज प्रभुभोजनाच्या मेजाचा भार वाहतं आहे. टबाला पायऱ्या नसतात. ज्या बाजूने माणूस आत शिरतो त्याच बाजूने बाहेर येतो.

समितीतल्या काही जणांचं म्हणणं मी ऐकलं आहे: आपलं चर्च चर्चसारखं दिसत नाही, शाळेसारखं नाहीतर मालधक्क्याच्या गोदामासारखं दिसतं. सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल बघा, एस.एफ.एस. (सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल) बघा, लांबून कळतं की हे चर्च आहे. त्या दोन्ही वास्तू मला मनापासून आवडतात. पण त्या त्यांच्या श्रद्धेप्रमाणे बांधलेल्या आहेत आणि आपली आपल्या.

इंग्लंडमधलं पहिलं बॅप्टिस्ट चर्च थॉमस हेल्विस यांनी १६१२ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये सुरू केलं. राजालाही माणसाच्या श्रद्धेवर हुकूम चालवता येत नाही, असं त्यांनी थेट राजाला लिहून कळवलं आणि त्यापायी ते न्यूगेटच्या तुरुंगात गेले. पुढे १६८९ चा सहिष्णुतेचा कायदा येईपर्यंत या लोकांना उघड उपासना करणं धोक्याचं होतं. ते घरात जमत, गोदामात जमत, गल्लीच्या आत जमत. कायदा आल्यावर स्वतःच्या जागा बांधायची वेळ आली, तेव्हाही त्यांनी घरासारखीच बांधली. मनोरा नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. देव माणसांच्या जमण्यात असतो, दगडात नाही, हे त्यांना बांधकामातून सांगायचं होतं. मनोरे नंतर आले. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला १७७५ मध्ये पुरं झालेलं बॅप्टिस्ट सभागृह त्याचं मोठं उदाहरण आहे. तेव्हा मनोऱ्याचं बॅप्टिस्टांना वावडं आहे असं मी म्हणत नाही. आपल्या माणसांनी साधेपणा निवडला, तो पैसा नव्हता म्हणून नाही, एवढंच म्हणते.

अँग्लिकन चर्चमध्ये शिरलं की दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी पात्र असतं, नजर लांबवर पूर्वेच्या वेदीकडे जाते, उपदेशपीठ एका अंगाला असतं. आपल्याकडे शिरलं की समोर, अगदी मधोमध, उपदेशपीठ. वेदी नाहीच. मेज आहे, तेही खाली, लोकांच्या पातळीवर. मध्यभागी वचन, त्याच्या पायाशी मेज, त्याच्याखाली पाणी. बॅप्टिस्ट माणूस काय मानतो हे कुणी परक्याने विचारलं, तर त्याला आत नेऊन एवढं दाखवलं तरी पुरे. नव्या चित्रात या जागी स्टेज आहे, त्यावर ड्रम सेट, आणि उपदेशासाठी काचेचा सुटा स्टँड, जो गाणी सुरू झाली की उचलून बाजूला ठेवायचा.

आणि ही इमारत नागपूरची आहे, हेही पाहा. पूर्व-पश्चिम लांब, उत्तर-दक्षिण अरुंद. दार पूर्वेला, म्हणजे सकाळच्या उपासनेला कोवळं ऊन. पश्चिमेची भिंत सलग, एकही खिडकी नाही, कारण मे महिन्यातलं आपल्याकडचं दुपारचं ऊन तिकडूनच येतं. उपदेशपीठ त्याच भिंतीला टेकून आहे. दक्षिणेला पूर्ण लांबीचा व्हरांडा, त्यामुळे त्या अंगाची भिंत सावलीत. उंच खिडक्या सगळ्या उत्तरेला, तिथून उजेड येतो पण ऊन फारसं येत नाही. भिंती दोन फूट जाडीच्या. आढ्याखाली झरोके, गरम हवा वरून निघून जाते. छपराच्या कैच्या सागाच्या, आपल्या सीपी (जुन्या मध्य प्रांतातल्या) सागाच्या, ज्याच्यासाठी आजही देशभरचे व्यापारी बल्लारशाला येतात. खिळे थोडे, खाचा जास्त. त्या काळी वीज नव्हती, पंखे नव्हते, आणि लोकांना दोन-दोन तास बसायचं होतं. आपण गेल्या मे महिन्यात कूलर बंद पडले तेव्हाही बसलोच होतो. स्लॅबच्या हॉलमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर एसीशिवाय बसून दाखवावं. एसीचं बिल कुणी धरलं आहे का खर्चात? मला कागदात दिसलं नाही.

घंटेबद्दल नव्या चित्रात काहीच नाही, म्हणून तिचंही लिहिते. व्हरांड्याच्या टोकाला हातभर लांबीचा रुळाचा तुकडा साखळीने टांगला आहे, त्यावर लोखंडी पिनेने ठोके देतात. अनेकांना तो गरिबीची खूण वाटतो. त्याचा आवाज मोतीबागच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंत जायचा, आणि शिफ्ट सुटल्याच्या ठोक्याहून वेगळा कळावा म्हणून तीन-तीनच्या जोडीने द्यायचे, असं आमच्या आत्या सांगत. ती रीत अजून चालू आहे. ती फायबरच्या मनोऱ्यातल्या स्पीकरवर सोपवू नका.

तरुण संघातल्या एकाने मला विचारलं, “आंटी, आपला इतिहास तर आंध्रातला आणि इंग्लंडचा. नागपूरशी त्याचा काय संबंध?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर इथे सगळ्यांसाठी देते. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये कलकत्त्याला उतरले, १८०० पासून बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) राहिले आणि फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. त्यांना मराठी शिकवणारे आणि त्यांच्या मराठी कामाचा भार वाहणारे पंडित होते वैजनाथशास्त्री, आपल्या नागपूरचे. त्या दोघांच्या मेहनतीतून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण निघालं, १८१० मध्ये मोडी लिपीत कोश आला आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. महाराष्ट्राच्या मातीत मराठी छापखाना रुजण्याआधी बंगालमधल्या एका बॅप्टिस्ट छापखान्यात नागपूरच्या माणसाचं मराठी छापलं जात होतं. त्याच छापखान्यातून नागपूरकर भोसल्यांची वंशावळही निघाली.

पुढचं नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नारायण वामन टिळक नागपुरात होते. इथून राजनांदगावला जाताना, आपल्याच बी.एन.आर.च्या गाडीत, एका परक्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण त्यांची पदं पेटी-तबल्यावर गातो, आणि तेलुगू घरातल्या आज्या ती मराठी उच्चारांत पाठ म्हणतात. आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया? २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथांची मंडळी एक झाली ती याच शहरात, सदरला. त्या सहांत उत्तर भारतातले बॅप्टिस्टही होते. लहानपणीचा बाप्तिस्मा आणि कबुलीनंतरचा बाप्तिस्मा, दोन्हींना त्या एकीकरणात जागा ठेवावी लागली ती त्यांच्यासारख्या मंडळींमुळे. आपली मंडळी त्यात गेली नाही, आपण आपले राहिलो. पण हौदाचा प्रश्न नागपूरच्या चर्चच्या इतिहासात किती मध्यभागी होता, हे यावरून कळावं.

आता भेगांकडे येते, कारण समितीचा सगळा जोर त्यावर आहे. नैऋत्य कोपऱ्यात भिंतीला तिरपी भेग गेली आहे, बोट जाईल एवढी, आणि ठेकेदाराने ती पाहून इमारत ‘धोकादायक’ सांगितली. ठेकेदाराला नवं बांधकाम मिळणार आहे, तेव्हा निकाल त्याच्याकडून घेऊ नये. मी पाहिलं ते असं. आपल्या आवारात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुन्या माणसांनी भिंतीभोवती दगडी फरशीचा उतार करून पाणी दूर काढलं होतं. आवारात सिमेंटचे ब्लॉक बसवले तेव्हा तो उतार उखडला गेला, आणि छपराच्या पन्हळीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात सोडला. वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात अर्ध्या छपराचं पाणी एका कोपऱ्याच्या पायात मुरवलं, तर भेग जाणारच.

भेग वाढते आहे की थांबली आहे, हे पाहायची साधी रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने पक्की चिकटवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा थांबायचं. तोवर पाइप वळवायचा आणि फरशीचा उतार परत करायचा. याला येणारा खर्च नव्या फाटकाच्या खर्चाहून कमी असेल.

भिंतीला लोणा लागला आहे, पोपडे सुटले आहेत, हेही खरं. पण कुठे लागला आहे ते पाहा. जिथे काही वर्षांपूर्वी सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक पेंट दिला, तिथेच. चुन्यातली भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिची तोंडं बंद झाली, की आतली ओल आतच राहते आणि विटा कुजतात. व्हरांड्याच्या आतल्या अंगाला जुना चुना तसाच आहे, तिथे हात फिरवला तर आजही गुळगुळीत, कोरडा लागतो. सिमेंट काढून चुना परत दिला की निम्मं दुखणं जाईल. चुना, सुरखी, बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी यात हात घालणारे गवंडी विदर्भात अजून आहेत, शोधले तर मिळतात. सागाच्या दोन कैच्यांच्या टोकांना उधई लागली आहे. तेवढी टोकं कापून नवा साग सांधता येतो. पूर्ण छप्पर उतरवायची गरज नाही.

माझं हे म्हणणं जसंच्या तसं मान्य करा असंही मी म्हणत नाही. जुन्या चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. त्याचा नव्या बांधकामाशी पैशाचा संबंध नसावा. महापालिकेच्या हेरिटेज समितीकडेही पत्र द्या. इमारत यादीत येवो न येवो, पाहणी तरी होईल.

मंडळीची अडचण मला दिसत नाही असं नाही. शब्बाथ शाळेची मुलं व्हरांड्यात बसतात. बायकांसाठी धड संडास नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या आपल्या भावाला चार जण उचलून पायरी चढवतात, आणि ते त्याला किती लाजवतं हे त्याच्या तोंडाकडे पाहिलं की कळतं. नाताळला निम्मी मंडळी मांडवात उभी असते. हे सगळं करायलाच हवं, आणि याच वर्षी करायला हवं. मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिच्यात मोडकी बाकं आणि मांडवाचे बांबू पडले आहेत. ती जागा जवळजवळ चर्चएवढीच आहे. तिथे दुमजली इमारत बांधा: खाली मोठा हॉल, वर शब्बाथ शाळेच्या खोल्या, बाजूला संडास. एलईडी पडदा आणि ड्रम तिथे लावा, मी टाळ्या वाजवायला पहिल्या बाकावर असेन. पुढच्या चर्चला पूर्वेच्या दाराशी उताराचा रस्ता करा. त्याचं रेखाटन मी करून देते.

गाळ्यांबद्दल थोडंसंच. बिल्डरला गाळे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्या पैशातून बांधायचं, असा विचार कानावर आला आहे. आपली मिळकत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती घेतली आहे का, हे सभेत विचारलं जाईल. उत्तर तयार ठेवावं.

सभेत मी ठरावाला उपसूचना मांडणार आहे. ती आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे सगळ्यांना आधी वाचता येईल: “जुनी इमारत पाडण्याचा निर्णय, तिचा मोजणी नकाशा, स्वतंत्र संरचना तपासणी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा भेगेची नोंद हे तिन्ही मंडळीपुढे येईपर्यंत स्थगित ठेवावा. बाप्तिस्म्याचा हौद कोणत्याही परिस्थितीत बुजवू नये. फाटकावर स्थापनेचं साल बाप्तिस्म्याच्या वहीवरून ठरवावं. वहीची सगळी पानं स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवावीत.” अनुमोदनाला एक जण लागेल. ज्यांना द्यायचं असेल त्यांनी सचिवांकडे नाव द्यावं.

मोजणीचं काम मी पैसे न घेता करायला तयार आहे. तरुण संघातली चार मुलं, तीस मीटरची टेप, ओळंबा, शिडी आणि दोन शनिवार एवढं पुरेल. पुढच्या शनिवारी सकाळी सातला मी चर्चच्या पूर्वेच्या दाराशी असेन, ऊन चढायच्या आत उत्तरेची भिंत आणि झरोके उरकून घेऊ. शिडी मात्र कुणीतरी आणावी, चर्चची शिडी आढ्यापर्यंत पोचत नाही.

प्रभूमध्ये आपली बहीण,
मंडळीची एक सभासद
नागपूर